सुसू नकोशी

भिशीचा डबा हलवताना कौसल्याकाकूचा हात मुद्दाम रेंगाळतोय, असं नकोशीला वाटलं. बाहेर कट्ट्यावर म्हस्कू बसला होता. त्याला आपली होडी विकायची होती, सहा हजार रोख, आणि नकोशीला त्यानं पाचपर्यंतचा शब्द दिला होता. पाचला इंदापूरची एसटी, आणि तिकडं होडी घ्यायला ठेकेदार तयार. आठ वर्षं नकोशीनं दुसऱ्याच्या होडीतले मासे भिगवणच्या बाजारात विकले होते. स्वतःची होडी व्हायची तर आजच, आणि सहा हजार निघणार ते फक्त ह्या डब्यातून.

बारा जणांची भिशी. अकरा बाया आणि बारावा याव. हा याव घाना देशातून वर्षभर कारखान्यातली यंत्रं शिकायला आलेला, काकूचा भाडेकरू. घाना म्हटल्यावर तिकडं तेलाचे घाणे असणार असं समजून काकूनं पहिल्याच दिवशी त्याला करडईच्या तेलाचा भाव विचारला. त्यानं तो सांगितलाही, म्हणतात. उंची अशी, की काकूच्या छपराचा पत्रा एका जागी वर फुगलाय तो त्याच्याच डोक्यानं. मराठी मात्र दोन शब्दांचं: पाणी आणि नको.

चिठ्ठी निघाली. यावची.

नकोशी पुढं सरकली. "काकू, नंबर बदलून द्या मला."

"मी कोण देणारी? ज्याचा निघाला त्यानं, ज्याला द्यायचा त्याचं नाव सगळ्यांदेखत तोंडानं घ्यायचं, मगच बदल. नियम हाय."

नकोशी यावसमोर बसली. म्हस्कूकडं बोट केलं, वल्हं मारून दाखवलं, काकूजवळच्या नोटांच्या पुडक्याकडं बघितलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवून नाव दोनदा सांगितलं. याव बघत राहिला. मग मान हलवून उठला आणि काकूला म्हणाला, "सुसू. नको... शी."

सगळ्या बायांचे पदर एकदम तोंडाला गेले.

"सुसू नको, शी," काकू गंभीरपणे म्हणाली. "मग हुबा का बाबा? जा की मागं." आणि भरलेलं टमरेल तिनं त्याच्या हातात दिलं.

"पाणी," याव म्हणाला, कारण तेवढं त्याला येत होतं.

हसण्याचा गलका झाला. नकोशीला हसू येईना. बाहेर म्हस्कू उठला, पिशवी खांद्याला मारली आणि स्टँडकडं चालू लागला.

यावनं टमरेल अंगणात ओतलं. डब्यातल्या चिठ्ठ्या त्यानं जमिनीवर गोल मांडल्या आणि रिकामं टमरेल एका चिठ्ठीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं फिरवत नेलं. "मदर," तो म्हणाला. "फिश." आणि पुन्हा टमरेल फिरवत, "सुसू."

नकोशी त्या गोलाकडं बघत राहिली. "काकू, ह्याची आई मासं इकती. आन् हे फिरतंय ते... अवो, त्यांच्यात भिशीला सुसू म्हनत्यात."

"आन् शी?"

"शी न्हवं. नकोशी. नाव घेतलंय त्यानं माझं."

हसणं थांबलं. काकूनं पुडकं मांडीखाली सारलं. "तोडून घेतलंय."

"दोन तुकड्यांत घेतलं तरी माझंच हाय."

"उद्या ह्यो फिरला तर माझ्या गळ्याशी यील. सलग म्हनायला लाव."

नकोशीनं यावकडं बघितलं आणि पुन्हा छातीवर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा तिला आपलं नाव कुणीतरी नीट घ्यावं असं वाटलं. यावनं श्वास भरला.

"नकोशी सुसू."

काकूनं पुडकं काढून नकोशीच्या हातात दिलं. "तुझी चिठ्ठी आता ह्याची," ती म्हणाली, पण ऐकायला नकोशी होती कुठं? ती अशी धावली, की सोलापूरकडं निघालेली आगगाडी भिगवण सुटेपर्यंत तिच्या मागं राहिली. खरंखोटं इंजिनवाल्याला विचारावं.

म्हस्कूचा एक पाय एसटीच्या पायरीवर होता.

"पाच वाजलं. ठेकेदाराला शब्द दिलाय."

"मलाबी दिलाय."

कंडक्टरनं मनगट डोळ्यांजवळ नेलं. "दोन मिनिटं कमी हायती. तात्या, उतरा न्हायतर तिकीट काढा."

म्हस्कू घुटमळला, उतरला आणि तिनं पुढं केलेल्या नोटा थुंकी लावून मोजायला लागला. नकोशीनं त्याची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"चालता चालता मोजा. होडीचा दोर हातात आल्याबिगर मी तुमास्नी सोडायची न्हाय."