बाबलीचं गाऱ्हाणं

पहिला फटका गुडघ्यावर बसला तेव्हा बाबलीचं वाक्यही पुरं झालं नव्हतं. रविवार होता, सकाळचे सव्वादहा. सुगंधाकाकीच्या पडवीत चटईवर सहा माणसं बसली होती आणि पुढच्या खळ्यात, सारवलेल्या अंगणात, चौदा उभी होती. चौदाही जणांना बाबली नावानिशी ओळखत होता. ज्याच्या हातात मोडक्या वल्ह्याचा दांडा होता, तो तर त्याचा सख्खा चुलतभाऊ शंकर.

"गाऱ्हाणा कोणाचा रे?" शंकर ओरडला. "तुझ्या बापाशीचा?"

"दोघांच्या आज्याचा," बाबली म्हणाला. दुसरा फटका त्याच गुडघ्यावर बसला.

उत्तर खरं होतं. वाडीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान तीन पिढ्या त्यांच्या घराण्याकडे होता. जत्रेला, शिमग्याला, नवी होडी पाण्यात उतरवताना घराण्यातला थोरला हात जोडून उभा राहायचा, वाडीचं सुखदुःख आपल्या बोलीत देवाच्या कानावर घालायचा, आणि दर वाक्यामागे जमाव म्हणायचा, 'व्हय म्हाराजा!' अठरा वर्षं हा थोरला म्हणजे बाबली होता. मग त्याची बायको आजारी पडली. मालवणच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं आठ महिने पाळीपाळीने तिच्या उशाशी बसली. ती वाचली नाही. पण बाबली दर रविवारी त्या माणसांकडे जाऊ लागला, आणि देवळातला मान शंकरकडे आला. शंकरला चार वाक्यांपुढे शब्द सुचत नसत. गेल्या जत्रेत तो मधेच अडला तेव्हा मागून कुणीतरी हळहळत पुटपुटलं, "बाबली व्हयो होतो." ते शंकरच्या कानावर पडलं होतं.

मालवणच्या मंडळीने या वर्षी आपल्याच अकरा सभासदांना शिकवायला घेतलं. आपापल्या गावी नवी मंडळी कशी लावायची, याचे बारा शनिवार. शिकवायला कोल्हापूरहून ओमकार सर येत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'तुमच्यावाचून प्रार्थना झाली, तरच मंडळी रुजली.' बाबलीने ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. माड आणि काजू लावण्यात त्याची हयात गेली होती. रुजलेलं कुठलं आणि नुसतं उभं कुठलं, हे त्याला कळत होतं. आपल्या वाडीत ते रुजावं, एवढंच त्याला हवं होतं.

प्रार्थनेच्या सरावात त्याची पाळी आली. तो उभा राहिला, डोळे मिटले आणि तोंडातून आलं, "बा येशू म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" आरोंद्याच्या सावित्रीने लगेच साथ दिली आणि वर्ग खो खो हसला.

ओमकार सर हसले नाहीत. "ही देवळातली रीत आहे, बाबली. इथे नको. 'हे स्वर्गीय पित्या' म्हणा. शुद्ध बोला."

"सर, माका दुसरी येणा नाय."

"शिकवायलाच आलोय ना मी?"

तो शिकला. सुगंधाकाकीच्या पडवीत पहिले दोन रविवार त्याने शुद्ध प्रार्थना केली. माणसं तहसील कचेरीत बसावीत तशी बसली. प्रार्थना संपल्यावर काकी म्हणाली, "बरा झाला. आता सही खंय करू ता सांग." तिसऱ्या रविवारी बाबलीने गाऱ्हाणं घातलं. सहा जणांनी 'व्हय म्हाराजा' इतक्या जोरात म्हटलं, की कुंपणापलीकडे धुणं धुणारी शंकरची बायको तशीच ओल्या हातांनी घरात गेली.

आज चौथा रविवार होता.

तिघे छपरावर काठ्या मारू लागले. कौलं फुटून आत कोसळली. एक तुकडा काकीच्या कपाळात घुसला. "मेल्यांनो, घर माझा आसा! तुमच्या आवशीचा न्हय!" रक्त डोळ्यांत उतरत असतानाच ती झाडू घेऊन धावली. एकाने तिचा हात धरून मागे पिरगळला. सुकी झावळ मोडावी तसा आवाज आला, आणि काकी एवढी ओरडली की क्षणभर पिरगळणाराही बावचळला.

बाबलीला केसांना धरून खळ्यातल्या तुळशीपर्यंत फरपटत नेलं.

"घाल गाऱ्हाणा," शंकर म्हणाला. "हयच. चुकलंय म्हणान देवाक सांग. मगे ह्येंका सोडतंय."

बाबलीने पडवीकडे पाहिलं. सांगून टाकलं, तर ही सहा जणं आज घरी जातील. आणि पुन्हा कधी एका चटईवर बसणार नाहीत. एका पायावर जोर देऊन तो उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"बा म्हाराजा..."

चौदाही काठ्या खाली टेकल्या. कुणी सांगितलं नव्हतं. एकाने तर पायातल्या चपला काढल्या.

"आज ही जी काय तुझी लेकरा हय जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंनी एका बायलमाणसाच्या घराचे कौल फोडले..."

"व्हय म्हाराजा!"

"तिचो हात मोडलो..."

या वेळी आवाज अर्धे झाले. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"तेंच्या हाताक रगत लागला हा, ता तू धुवन काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भाई एकटेच म्हणाले. ते वाडीतले सगळ्यात म्हातारे, कानाने कमी.

शंकरने बाबलीची हनुवटी दांड्याने वर केली. "खंयच्या म्हाराजाक सांगलंस? नाव घे."

बाबलीने नाव घेतलं.

दांडा जबड्यावर बसला. दोन दात तुळशीच्या कट्ट्यावर पडले. मग बाकीचे धावून आले. तोंडातून निसटलेला होकार परत घ्यायचा असल्यासारखे ते मारत होते. बरगड्या तीन मोडल्या. फटके किती, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. शेवटी त्यांच्यातल्याच निलेशने काठी फेकली. "मरतलो तो, शंकर! बस झाला!" त्यानेच बाबलीला आणि काकीला आपल्या टेम्पोत घातलं.

रुग्णालयात हवालदाराने नावं विचारली. बाबलीला बोलता येत नव्हतं. त्याने लिहून दिली, सगळी चौदा. शंकरचं पहिलं, निलेशचं शेवटचं.

तीन आठवड्यांनी, रविवारी, तो पडवीत बसला होता. छपरावर निळी ताडपत्री, जबडा तारांनी बांधलेला. सहातले चारच आले होते. त्यांच्यासाठी ओमकार सर कोल्हापूरहून मुद्दाम आले होते. त्यांनी बाबलीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"काही दिवस थांबवूया का हे?" त्यांनी हळूच विचारलं. बाबलीने नकाराची मान हलवली. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "बरं, आजची प्रार्थना मी करतो."

"थांबा, सर." सुगंधाकाकी प्लास्टरचा हात सावरत उठली. वाडीत आजवर बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलं नव्हतं. तिने हात जोडायला पाहिलं, ते जुळेनात. मग तिने एकच हात छातीशी धरला.

"बा येशू म्हाराजा, ह्या बाबल्याचा तोंड बांधला हा, म्हणान मी उलयतंय..."

बाबलीने दातांच्या तारांतून हवा ढकलली. "व्हय..." पुढचा शब्द निघाला नाही. तो इतरांनी पुरा केला. ओमकार सर सगळ्यात उशिरा म्हणाले, "होय महाराज."

"व्हय म्हणा, सर," काकी डोळे न उघडता म्हणाली. "होय कचेरीत."

"व्हय म्हाराजा," सर म्हणाले.

कुंपणापलीकडे धुणं आपटायचा आवाज थांबला होता. काकीने तो थांबलेला ऐकला, आणि पुढचं वाक्य आणखी मोठ्याने घेतलं.