पिवळी व्हायची राहिलेली

मी एक पांढरी वाइन बोलतेय. खरं तर मला पिवळी व्हायचं होतं. ते राहून गेलं, आणि कसं राहिलं ते सांगायला आता माझी ही शेवटची बाटली उरली आहे.

फ्रान्समधल्या जुराच्या डोंगरउतारावर रेमीने माझी द्राक्षं सगळ्यांच्या शेवटी खुडली, बोटं गारठत असताना. मला लाकडी पिंपात भरून त्याने बूच ठोकलं आणि थाप मारून म्हणाला, "सहा वर्षांनी भेटू." आमच्याकडे पिवळ्या वाइनला सहा वर्षं कुणी हात लावत नाही. पिंपात वाइन आटत जाते, वर जागा मोकळी होते आणि तिथे दुधावर धरते तशी पातळ साय धरते. त्या सायीखाली आम्ही पिवळ्या होतो. मग जुनं चीज, अक्रोड, आणि गुच्छी अळंबी घालून दुधाच्या सायीत शिजवलेली कोंबडी, असं आमचं ताट मांडतात. हे इथे कुणी कुणाला शिकवत नाही. पोरांना चालता येण्याआधीच ठाऊक असतं.

रेमीची बायको सोलांज मात्र शेजारच्या बर्गंडी प्रांतातली. वसंतात लग्न होऊन आली, आणि महिना होतो न होतो तोच रेमीचा ट्रॅक्टर उतारावर उलटला. रेमी जागच्या जागी गेला.

त्याचा बाप अल्सीद चुलीपाशी बसला तो बसलाच. तळघराचं नाव काढेना. खाली यायची ती एकटी सोलांज. दर शनिवारी बूच काढायची, आत डोकवायची आणि दुसऱ्या पिंपातली वाइन ओतून मला काठोकाठ भरायची. तिच्या माहेरी पिंप जराही उणं राहू देत नाहीत. तिकडे तो हलगर्जीपणा. "बघ रेमी, तुझं पिंप कमी होऊ देत नाही मी," म्हणायची. माझी नुकती धरू लागलेली साय फाटली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

रेमीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात अल्सीद एकदाचा पायऱ्या उतरला. सोलांजच्या हातात झारी, पिंपाशी बोलणं चाललेलं. तो मध्येच थांबला आणि आल्या पावली वर गेला. मला त्याचा फार राग आला. तेव्हा एक शब्द बोलला असता तर मी वाचले असते.

चौथ्या वर्षी शेजारच्या ओर्तांसकडे बायका अक्रोड फोडायला जमल्या होत्या. तिथून सोलांज थेट खाली आली आणि माझ्या फळ्यांना कपाळ टेकून रडली. "ओर्तांस म्हणते, पिवळीचं पिंप भरायला ती काय गाय आहे, उठसूट पाणी दाखवायला? सगळ्या हसल्या. मीपण हसले, रेमी."

सासऱ्याला तिने सांगितलं नाही. मला भरणंही थांबवलं नाही. आता थांबून काय होणार होतं?

सहा वर्षं भरली. अल्सीद धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसला. सोलांजने समोर ताट ठेवलं. त्यात लोण्यात परतलेला नदीचा ट्राउट मासा होता.

अल्सीद ताटाकडे बघत राहिला. "कोंबडी नाही केलीस?"

"नाही बाबा. पांढरीबरोबर मासाच चालेल."

त्याने मला पेल्यात ओतलं. मी अगदी फिकी.

"कधी कळलं तुला?"

"चौथ्या वर्षी. तुम्हाला?"

"पहिल्याच हिवाळ्यात."

"मग माझा हात का नाही धरलात?"

अल्सीद माशाचा काटा काढत बसला. "धरला असता, तर पुढच्या शनिवारी तू कुठे गेली असतीस, पोरी? माझे तर पाय खाली वळत नव्हते. त्याच्याशी बोलणारं या घरात दुसरं होतं कोण?"

सोलांजने ताटाला हात लावला नाही. बराच वेळ नुसती रडली. मग तिने पेला उचलला, आणि दोघांनी माझी ती पहिली बाटली संपवली.

माझा राग त्या दिवशी गेला. दुःख आहे, ते राहील. रेमीला हवी होती तशी मी झाले नाही.

ही बाटली कधी उघडलीत, तर ताजा मासा आणा आणि मला नावं ठेवू नका. पिवळी व्हायला सहा वर्षं एकटं राहावं लागतं. मला एक शनिवारही कुणी एकटं सोडलं नाही.