फोर-एचची रेघ

लिहायचं कशाने, यावरून एइनो आणि हेल्मी हाकाला यांच्यात लग्न झाल्यापासून वाजत आलं होतं. एइनो कॅनडातल्या थंडर बेच्या कागद कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होता. त्याला फोर-एचच पेन्सिल लागायची, टणक शिशाची, चाकूने तासून सुईसारखं टोक काढलेली. किराण्याची यादी असो, नाताळची कार्डं असोत, सगळं त्याच फिकट, केसासारख्या अक्षरात. ते वाचायला हेल्मीला चष्मा पुसून खिडकीशी जावं लागे. तिला स्वतःला काहीही चालायचं. बँकेने फुकट दिलेला, दवाखान्यातून चुकून पर्समध्ये आलेला, कुठलाही बॉलपेन. आणि इतकं दाबून लिहायची की खालच्या पानावरही अक्षरं उमटत.

"लिहितेस की नांगरतेस?" एइनो विचारायचा.

"माझं निदान दिसतं तरी!"

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी एइनोला अर्धांगाचा झटका आला. बोलणं बरंचसं परत आलं. पाय ओढत का होईना, तो चालायला लागला. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर, तसाच पडून राहायचा. त्याला उठवणं, अंघोळ, मोजे, बूट, मग गाडीवरचा बर्फ खरवडून त्याला व्यायामाच्या दवाखान्यात नेणं, परत आणणं, या सगळ्यात हेल्मीचा दिवस कुठे जायचा ते तिलाच कळत नसे. जेवताना चमचा हातात धरून ती तशीच बसून राही.

एइनोची एकच मागणी होती. परसातल्या सौन्यात, वाफेच्या खोलीत, त्याला परत जायचं होतं. दर शनिवारी तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत बसायचं, हे त्याच्या बापाच्या काळापासून चालत आलेलं. पण दाराशी तीन पायऱ्या होत्या, आणि त्या आता त्याला डोंगर झाल्या होत्या. शेजारचा लॉइड सुतारकाम जाणणारा. तो म्हणाला, "उतार आणि कठडा करून देतो की मी. दोन दिवसांचं काम."

"नकाशा झाल्याशिवाय एक खिळा ठोकायचा नाही," एइनो म्हणाला. "आणि नकाशा मी काढणार."

तो डाव्या हाताने काढायला बसला. अर्थातच फोर-एच घेऊन. पण त्या शिशाला जोर लागतो आणि डाव्या हातात जोर नव्हता. कागद कोराच दिसत होता.

दवाखान्यातली टेसा, हात पुन्हा वापरायला शिकवणारी पोरगी, म्हणाली, "मिस्टर हाकाला, ही पेन्सिल घेऊन बघा. जाड आहे, मऊ आहे, आपोआप उमटते."

"ही बालवाडीतली आहे."

"तिथूनच तर सुरुवात करायचीय ना आपल्याला?" टेसा हसून म्हणाली. एइनो हसला नाही.

हेल्मी दुकानातून आणखी काय काय घेऊन आली. जेलचा पेन छान पळायचा, पण डावा हात मागून त्याच शाईवरून फिरायचा आणि सगळं माखायचं. स्केचपेनची रेघ कागदात पसरायची. एइनो एकेक उचलायचा, एकेक ओढून बघायचा, बाजूला ठेवायचा आणि पुन्हा फोर-एच घ्यायचा. असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी त्याने तोच कोरा दिसणारा कागद तिच्यापुढे सरकवला. "बघ. आली रेघ."

हेल्मी नुकतीच चादरी धुऊन तळघरातून वर आली होती. तिची पाठ ठणकत होती.

"कुठाय? मला नाही दिसत. लॉइडलाही दिसणार नाही. कुणालाच दिसत नाही ती, एइनो! तुझ्या त्या रेघेपायी वर्ष संपेल, आणि मला तुला उचलून न्यावं लागेल सौन्यात. उचलून!"

एइनोने पेन्सिल टेबलावर ठेवली. ती गडगडत खाली पडली, तरी त्याने वाकून बघितलं नाही.

दोन दिवस घरात फक्त रेडिओ बोलत होता. तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर तो म्हणाला, "तूच काढ. मी सांगतो."

"कशाने काढू?"

"तुझ्या त्या कुठल्यातरी पेनाने."

ती बसली. तो मापं सांगत गेला, दर फुटाला एक इंच चढ, कठड्याची उंची, खांब कुठे कुठे, दारापुढचा ओटा पाणी वाहून जावं म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित कललेला. ती निळ्या बॉलपेनने ओढत गेली. रेघा वाकड्या आल्या, दोन ठिकाणी गिरवाव्या लागल्या, एक खांब अधांतरी राहिला. काढून झाल्यावर तिने कागद त्याच्यापुढे धरला आणि तो काय म्हणतोय याची वाट बघत राहिली. नेहमीसारखे चार शब्द सुनवावेत त्याने, अशी तिची फार इच्छा होती.

एइनोने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "चालेल."

हा शब्द तिने त्याच्या तोंडून नकाशाबद्दल कधी ऐकला नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि तशीच उभी राहिली.

बर्फ वितळायला लागल्यावर लॉइडने उतार बांधला, भक्कम. शनिवारी ते दोघं सौन्यात गेले. एइनो कठडा धरून आपल्या पायांनी वर चढला. वाफेत हेल्मीला बसल्या बसल्या डोळा लागला, आणि त्याने तिला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर दारापुढच्या ओट्यावर पाणी साचून बर्फाची ताटली झाली होती. ओटा बाहेरच्या बाजूला कललेला नव्हताच. नकाशात तेवढं दाखवायचं ती विसरली होती.

"तुला त्या दिवशी दिसलं नाही?" तिने घरात येऊन विचारलं.

"दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू दमली होतीस," एइनो म्हणाला. मग म्हणाला, "मी पण."

चिडावं की काय करावं, तिला समजेना. तिने तळघरातून मिठाची पिशवी आणली, बूट चढवले आणि बर्फ विरघळावा म्हणून ओट्यावर मीठ पसरायला बाहेर गेली. थंडी संपेपर्यंत हे आता रोजचंच होतं.