महिन्याचं कासव

मी कासव बोलतोय. देवळातलं दगडाचं नाही, नदीतलं जिवंतही नाही. हिरवं, प्लास्टिकचं, आतून पोकळ. माझी गोष्ट ऐकून हसू येईल तुम्हाला. हसा. आजवर जो तो हसलाच. फक्त हसून झालं की पुढचंही ऐका.

जन्मलो मी खेळणं म्हणून. नेरच्या बसस्टँडजवळ एका दुकानात दोरीला टांगलेला होतो. शेजारी भोवरे, शिट्ट्या आणि डोळे मिटणारी एक बाहुली. वाटायचं, बाजाराच्या दिवशी एखादी बाई येईल, दुकानदाराशी भांडून भाव पाडेल आणि मला पिशवीत टाकून लेकराकडे नेईल. लेकरू मला चावेल, मातीत लोळवेल. खेळण्याला दुसरं काय पाहिजे?

पण मला घेतलं पोस्टातल्या एका साहेबांनी. कुठल्या तालुक्याचे ते सांगत नाही. ऑफिसात नेऊन त्यांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं, 'या महिन्याचं कासव'. हा हुकूम वरून आलेला नव्हता. साहेबांच्याच डोक्यातली कल्पना, आणि तिचं त्यांना भारी कौतुक.

आता पोस्टाचं सांगतो. खेड्यातलं पोस्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे इमारत येत असेल. कुठली इमारत! जो डाक सेवक, त्याच्याच घराची पुढची खोली म्हणजे पोस्ट. खोली त्याची, पंखा त्याचा, टेबल त्याचं. पगार धरतात थोड्या तासांचा आणि काम दिवस बुडेपर्यंत. मिरवायला सरकारी नोकरी, पण पेन्शनचं विचारा, लगेच सांगतात की तुम्ही सरकारी नाही. त्यावर वरून टार्गेट. खाती उघडा, विमे काढा. ज्या गावात सोयाबीन निघेपर्यंत कोणाच्या खिशात दमडी नसते, तिथं विमे काढा.

महिन्याच्या मिटिंगला साहेब सगळ्यांचे नंबर वाचायचे. जो शेवटचा, त्यानं मला दोन्ही हातांत धरून मिटिंग संपेपर्यंत उभं राहायचं. मग घरी नेऊन पोस्टाच्या टेबलावर ठेवायचं, गावाला दिसेल असं. आणि मी ज्याच्या टेबलावर, त्याला त्या महिन्यात रजा नाही.

पहिल्या दिवशी मला धरून एक जाणता, पांढऱ्या केसांचा माणूस उभा राहिला. सगळे हसले. मी नीट बघितलं, सगळ्यात जोरात कोण हसत होतं? ज्याचा नंबर शेवटून दुसरा होता तो. आपण वाचलो याचंच हसू ते. माणसाची ही खोड मी तिथं शिकलो आणि माझी मलाच लाज वाटायला लागली. मी कुणाला चावलो नाही, कुणाचं खाल्लं नाही. तरी मला बघून माणसं एकमेकांवर हसायला लागली.

माझ्या भीतीनं लोक भलतंच करायला लागले. स्वतःच्या पगारातून भाच्याच्या, साळ्याच्या नावानं खाती उघडायची. वामनराव म्हणून एक डाक सेवक होते, रिटायर व्हायला आलेले. त्यांनी तर घरातल्या प्रत्येकाचा विमा काढला. चहाच्या टपरीवर म्हणायचे, "मले काही नको, बाप्पा. ना शाल, ना नारळ. हे कासव न धरता घरी गेलो म्हंजे गंगेत घोडं न्हालं."

मग मी कुंदाबाईकडे आलो. आर्णीच्या बाजूला एका लहान गावात त्यांचं पोस्ट. टपाल वाटणारा माणूस कधीचाच रिटायर झाला होता. त्याच्या जागी कोणी दिलं नाही. सकाळी टेबल सांभाळायचं, दुपारी थैली गाडीला लटकवून तीन गावं वाटत फिरायचं. मधे अंगठ्याची मशीन घेऊन म्हाताऱ्यांचे पैसे काढून द्यायचे, आणि नेट गेलं की त्याच म्हाताऱ्यांच्या शिव्या खायच्या. नवरा श्रीकृष्ण वावरात. तो म्हणायचा, "या नोकरीपेक्षा निंदाले जाशील तं जास्त भेटन." कुंदाबाई म्हणायच्या, "निंदणारीले कोणी पोस्टमास्तरीण म्हणते काय?"

मला टेबलावर ठेवलं त्याच दिवशी वच्छलाबाई आल्या. निराधाराचे पैसे घ्यायला येणारी म्हातारी, लिहिता-वाचता न येणारी.

"काय वं मास्तरीण, हे काय आणलं?"

कुंदाबाईचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "बक्षीस भेटलं, आजी. मिटिंगमधी."

"अवं, कासव म्हंजे लक्ष्मी! आन् तू त्याले असं कोरडंच ठेवलं?"

म्हातारी घरी गेली, करंडा घेऊन आली आणि माझ्या कपाळावर हळदीकुंकू लावलं. पाठीवर काय लिहिलं आहे ते तिला कुठं कळणार! दुसऱ्या दिवशी आणखी दोन बाया आल्या. गावाच्या मास्तरणीला बक्षीस मिळालं म्हणून त्यांनी कुंदाबाईला पण कुंकू लावलं. ज्यांना वाचता येत होतं ते वाचायचे आणि गप्प बसायचे. त्यांचं गप्प बसणं त्या कुंकवापेक्षा वाईट. मी पोकळ आहे म्हणून बरं. भरीव असतो तर त्या दिवशी फुटलो असतो.

बाया गेल्या की कुंदाबाई टेबलावर डोकं टेकून बसायच्या, पोटाशी हात धरून. त्यांना दुखणं होतं. अंगावरून जायचं, थांबायचंच नाही. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पिशवी काढावी लागेल, आता उशीर करू नका. तारीखही दिली होती. जाऊ संगीता बदली बसायला तयार होती. पोस्टात रजा पाहिजे तर आपला बदली माणूस आपणच शोधून द्यायचा असतो.

कुंदाबाईंनी फोन लावला. साहेब म्हणाले, "कासव परत करा, मग रजेचं बघू."

"साहेब, तब्येत बरी नाही."

"तब्येत कोणाची बरी असते? काय होतंय?"

कुंदाबाईंनी फोन ठेवला. संगीता चिडली, "सांगून काहून नाही दिलं?"

"परक्या माणसाले कसं सांगू वं? लाज नाही वाटत काय?"

घ्या. रक्त हिचं जातं आणि लाजही हिनंच धरायची. ज्यानं लाजावं तो फोनवर ऐटीत. मी टेबलावरून ऐकत होतो. मला तोंड आहे, रंगवलेलं. उघडत नाही.

डॉक्टरीणबाईंची तारीख निघून गेली. पुढची मिटिंग आली. दुखणं घेऊन बाई कुठं विमे काढत फिरणार? पुन्हा शेवटचा नंबर त्यांचाच. साहेबांनी नाव घेतलं आणि कुंदाबाई मला धरून समोर उभ्या राहिल्या. मुद्दाम गडद रंगाचं लुगडं नेसून आल्या होत्या. साहेब बोलत राहिले. जिद्द, स्पर्धा, आपला विभाग पहिला. मी पोटाशी टेकलेला होतो. मग फरशीवर रक्ताचा थेंब पडला.

पहिल्या रांगेनं बघितलं. कोणी मोबाइल काढला, कोणी पंख्याकडे बघायला लागलं. शेवटून दुसरा जो होता तो या वेळी हसला नाही, पण उठलाही नाही.

उठले वामनराव. सरळ समोर आले आणि मला कुंदाबाईच्या हातातून काढून घेतलं.

"वामनराव, हे काय? तुमचा नंबर तर वर आहे."

"माह्या विम्यातले बाईच्या नावावर चढवा साहेब, आन् बाईचा नंबर मले द्या. कासव आता माह्याकडे. बाईले रजा द्या."

"असं चालत नाही. हा काय भाजीबाजार आहे?"

"भाजीबाजारात बाईले बसाले पोतं तरी टाकून देतात, साहेब. तुम्ही खुर्ची असून उभं ठेवलं."

कोणी हसलं नाही. दोघी जणी उठल्या, आपल्या ओढण्या कुंदाबाईच्या कमरेला गुंडाळल्या आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. साहेबांनी फरशीकडे बघितलं. मग कागद चाळले. मग म्हणाले, "रजेचा अर्ज पाठवा." आवाज बारीक झाला होता. माफी मात्र निघाली नाही त्यातून.

ऑपरेशन झालं. कुंदाबाई आता घरी पडून आहेत. संगीता पोस्टाच्या टेबलाशी बसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. टपाल वाटणाऱ्या माणसाची जागा अजून रिकामीच आहे. पगार तेवढाच आहे. एका माणसानं एका मिटिंगमध्ये तोंड उघडलं म्हणून सगळं सुधारलं, असं खोटं मी सांगणार नाही.

वामनरावांच्या नोकरीचा तोच शेवटचा महिना, तो संपेपर्यंत मी त्यांच्या टेबलावर होतो. ज्या गोष्टीला माणूस एवढा भ्यायचा, तीच त्यानं स्वतः हात पुढं करून घेतली. गावातला कोणी विचारायचा, "मास्तर, तुमच्यावर काहून आली ही वेळ?" ते सांगायचे, "मागून घेतली."

नोकरी संपली त्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला. कासव ऑफिसात जमा करा, पुढच्याला द्यायचं आहे. वामनराव हो म्हणाले, मला पिशवीत टाकलं, वावरात नेलं आणि विहिरीत फेकून दिलं.

मी बुडालो नाही. पोकळ वस्तू बुडत नाही. इथंच आहे, पाण्यावर. कुंकू धुऊन गेलं. पाठीवरचा पांढरा रंग पण सुटत चालला आहे. 'या महिन्याचं' एवढंच राहिलं.

पाणी शेंदायला आलात आणि दिसलो, तर दया येऊन मला वर काढू नका. वर काढलं की मी पुन्हा कोणाच्या तरी हातात जाईन. साहेब दुसरं कासव आणतील, हे मला माहीत आहे. बाजारात कासवं पुष्कळ, त्या बिचाऱ्यांचा काय दोष? माझं मागणं थैली उचलणाऱ्या भावाबहिणींकडे आहे. साहेब ते कासव तुमच्यापुढे धरतील, तेव्हा हात पाठीमागे बांधा. पडू द्या खाली.