सातवी काडी

मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर जो लाकडी खोका दिसतो, तो मी. सुताराने मला तीन कप्पे केले आणि रसायनाच्या जुन्या सरांनी त्यांवर चिठ्ठ्या डकवल्या: 'कमी', 'बरोब्बर', 'जास्त'. माझ्यात हायड्राइडच्या, म्हणजे हायड्रोजनच्या संयुगांच्या, प्रतिकृती राहतात. गोळा म्हणजे अणू, काडी म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी. मिथेन, इथेन 'बरोब्बर'मध्ये. त्यांच्या काड्या जोडणीला नेमक्या पुरतात. अमोनिया आणि पाणी 'जास्त'मध्ये, कारण त्यांच्या एकदोन काड्या कुणालाच न जोडता मोकळ्या राहतात. 'कमी'मध्ये एकटं डायबोरेन: दोन बोरॉन, सहा हायड्रोजन.

वीस वर्षं शिपाईकाकांनी मला पुसलं, जपलं. मग सर निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. मूळच्या गणिताच्या; रसायन त्यांच्या गळ्यात पडलं होतं. आल्या आल्या त्यांनी माझं सामान मोजलं.

"काका, आठ गोळे जोडायला सात काड्या लागतात. इथेनला आहेत, या डायबोरेनला सहाच. दोन बोरॉनच्या मधली काडी कुठे गेली?"

"बाई, ते पहिल्यापासून तसंच आहे."

"असं कसं असेल?"

त्यांनी काकांकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. काका झाडायला आले की बाई दारात उभ्या. नजर काकांच्या खिशावर. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. मागे फुटलेली चंचुपात्रंही काकांच्याच नावावर चढली. मुख्याध्यापकांना द्यायचं तक्रारीचं पत्र तर बाईंनी माझ्याच झाकणावर ठेवून लिहिलं. मला खरं ठाऊक होतं, पण खोक्याला वाचा कुठली!

बाई पत्र घेऊन निघाल्या, तेव्हा काका आडवे आले. "सर म्हणायचे, आधी इलेक्ट्रॉन मोजा. एवढं करा, मग खुशाल द्या पत्र."

बाईंनी चिडूनच मोजलं. दोन बोरॉनचे बाहेरच्या कक्षेतले तीन-तीन, सहा हायड्रोजनचे सहा. एकूण बारा. म्हणजे जोड्या सहाच! मग त्यांना त्या दोन वाकड्या काड्या दिसल्या. प्रत्येक काडी एका बोरॉनमधून निघून, हायड्रोजनच्या गोळ्यातून आरपार, दुसऱ्या बोरॉनला पोचली होती. एका काडीत तिघांचं भागत होतं.

बाईंनी पत्र फाडलं. "चुकलं माझं, काका," म्हणत किल्ली पुढे केली.

काकांनी हात मागे घेतला. "तुमच्याकडेच असू द्या. उद्या खरंच काही हरवलं, तर पुन्हा माझ्याच खिशाकडे बघाल."

आजही काका बाईंना हाक मारतात, त्या आल्या की मगच आत पाऊल टाकतात. मित्रांनो, उणं दिसलं तर आधी वस्तू नीट मोजा. माणसाकडे त्यानंतर बघा.