दाढेखालची चिमूट

"दाढंखाली धर माय, दुखणं झोपते."

आई हे म्हणाली तेव्हा रुख्मिणी नऊ वर्षांची होती, दात दुखतो म्हणून रडत होती. आईचा स्वतःचा ओठ फुटलेला. तळहातावर तंबाखू चोळता चोळता ती गुणगुणत होती,

चिमूटभर पान, दाढंखाली ठेविलं
दुखण्याचं लेकरू, त्यानं बाई जोजविलं

तीस वर्षांनी, धामणगाव बढ्याच्या दातांच्या दवाखान्यात, डॉक्टर मधुवंतीनं रुख्मिणीच्या गालात बॅटरी धरली. जिथं चिमूट निजायची तिथं पांढरा चट्टा होता.

"ताई, आज सोडली तर हा डाग आपल्या हातातला आहे. उद्याचं सांगता येत नाही."

"लय डाव सोडली, बाई. सुटत नाही."

"एकटीनं नका सोडू. तंबाखू सोडवणारं फोनवरचं केंद्र आहे. मी तुमचा नंबर त्यांना कळवते, फोन तेच करतील. चालेल?"

"हाव."

"अन् जबड्यावर हे निळं कशाचं?"

"पडली. धुनं धुताना."

फॉर्मवर नवऱ्याचं नाव लिहायचं होतं. रुख्मिणी नवऱ्याचं नाव घेत नसे. ते सोबत आलेल्या शेजारच्या मंजुळाबाईनं सांगितलं, सहदेव. फोनचा नंबर मात्र रुख्मिणीनंच दिला. तिला एकच पाठ होता. सहदेवच्या भाजीच्या गाडीमागे लाल रंगात लिहिलेला, गाडी धुताना रोज तिच्या फडक्याखालून जाणारा. वेळ तिनं दुपारी दोनची सांगितली. तेव्हा सहदेव जेवून झोपलेला असे, फोन उशाशी; तो वाजला तरी त्याला जाग येत नसे.

तिसऱ्या दिवशी बाजारातून वांगी न खपता परत आली. सहदेव झोपला नाही.

दोनला फोन वाजला, सहदेवनंच उचलला. "रुख्मिणीताई आहेत का?" पुरुषाचा आवाज, मऊ.

"कोन हाय बे तू?"

"त्यांच्याशीच बोलायचं होतं, दादा."

"काय काम हाय?"

"ते त्यांनाच सांगता येईल."

एकाचं दुखणं दुसऱ्याच्या कानी घालायचं नाही, हा केंद्रातल्या त्या पोराचा नेम. नेम चांगलाच होता.

सहदेवनं फोन हळूच गादीवर ठेवला. त्याचं हे हळूच ठेवणं रुख्मिणीला ओळखीचं होतं.

"भर दुपारी ताई म्हननारा हा कोन?"

"तंबाखू सोडवाले हायत थे..."

"तुले सोडवाले कोनं बलावलं?"

तराजूचं एक किलोचं लोखंडी माप त्याच्या हाताशीच होतं. पहिला घाव गालावर बसला, दुसरा गाल झाकणाऱ्या बोटांवर. दात वांग्यांत जाऊन पडला, पांढरा, जोंधळ्याच्या दाण्यासारखा. केसाला धरून त्यानं तिला अंगणात ओढलं, छातीवर पाय दिला. "नाव सांग त्याचं." तिला नाव ठाऊक नव्हतं. प्रत्येक 'नाही' मागे एक लाथ आली. मातीनं रक्त पिऊन घेतलं, उन्हाळ्यात पाणी पिते तसं.

"जिवानं मारतं का बे?" अंगणाच्या कुडापलीकडून मंजुळाबाई.

"घरातलं हाय, आत्या. तुमी जा."

मंजुळाबाई गेली नाही. कुड ओलांडून आली आणि दोघांच्या मधात उभी राहिली, सत्तर वर्षांची, काटकीएवढी. सहदेवनं माप भिरकावलं, गाडी काढली अन् निघून गेला.

दवाखान्यात गालाला पाच टाके पडले.

"पडली," रुख्मिणी पुन्हा म्हणाली.

मधुवंतीनं टाक्यांवर पट्टी लावली. तिनं स्वतःच्या फोनवरून केंद्राला फोन लावला. "तो नंबर खोडा. या ताईंना यापुढं दवाखान्याच्याच नंबरवर फोन करायचा, त्या इथं बसलेल्या असताना. अन् बोलायला बाई द्या." फोन तिनं रुख्मिणीच्या शाबूत हातात ठेवला आणि दार लोटून बाहेर गेली. आत मंजुळाबाई तेवढी राहिली, रक्ताचा पदर पिळत.

"मी वासंती बोलते," तिकडून आवाज आला. "घाई नाही, ताई. एवढंच सांगा, तलफ कधी येते?"

रुख्मिणीची जीभ दाताच्या रिकाम्या जागी गेली. चिमूट नव्हती. दुखणं टक्क जागं होतं, आणि त्याला जोजवायला आज काहीच नव्हतं.

"गाडी आंगनात वळली का येते," ती म्हणाली.

मंजुळाबाईचे हात थांबले.

"मी पडली नव्हती, बाई. आजबी नाही, मांगंबी नाही. मले सहदेवनं मारलं."