डाव्या बाजूचा दुसरा दात

माणसाला वेड असावं, पण ते त्याच्या मापाचं असावं. कवळीवाल्याचं वेड त्याला चार बोटं मोठं होतं, आणि ते अंगावर घालून तो तीस वर्षं हिंडत होता.

कवळीवाला म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेणार, तो डब्यात घालून लॅबला पाठवणार, आणि लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बसून हा माणूस त्यावरून प्लास्टरचा जबडा करणार, जबड्यावर मेण चढवणार आणि मेणात एकेक दात बसवणार. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. डब्यावर पेशंटचं नाव नसे, नुसता नंबर असे. आपल्या दातांनी कोण जेवतं, कोण हसतं, कोण बायकोवर खेकसतं, हे त्याला कधी कळलं नाही, आणि हे दात कुणाच्या हातचे ते त्यांनाही कळलं नाही. मात्र एक खोड त्याने स्वतःपुरती ठेवली होती. वरच्या ओळीत डाव्या बाजूचा दुसरा दात तो केसभर वळवून बसवायचा. देवाने दिलेले दात कधी शिपायांसारखे रांगेत उभे नसतात, असं त्याचं म्हणणं. लॅबमालकाला ही खोड पसंत नव्हती, पण पेशंटची तक्रार कधी आली नाही, म्हणून ती चालून गेली.

वेड होतं भोंग्याचं. भोंगा हे चाहत्यांनी ठेवलेलं नाव. तीस वर्षांपूर्वी चौघांनी गिटार आणि ड्रम घेऊन रॉक बँड काढला, त्यातल्या गाणाऱ्याचा आवाज असा की माइकने लाजावं. तेव्हा कवळीवाला सोळा वर्षांचा होता, परीक्षेत आपटून घरी बसला होता, आणि वडील सकाळ-संध्याकाळ त्याची अक्कल काढत होते. त्या वर्षी भोंग्याच्या गाण्यांनी त्याला तगवलं. ते उपकार तो विसरला नाही. तेव्हापासून शहरातला एकही कार्यक्रम त्याने चुकवला नाही. स्वतःच्या मुलीचा वाढदिवस चुकवला, मेव्हणीचं लग्न अर्ध्यातून सोडलं, पण भोंगा चुकवला नाही.

आणि एक गोष्ट अशी केली की ती लिहायलाही बरी वाटत नाही. चार वर्षांपूर्वी सासरे दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. बायकोचे सात फोन आले, आणि हा गृहस्थ मैदानात शेवटचं गाणं संपेपर्यंत उभा राहिला. पोचला तेव्हा सासऱ्यांचा पलंग रिकामा होता. गोंगाटात फोन ऐकू आला नाही, असं त्याने सांगितलं. फोन हातातच होता. बायको त्यावर अवाक्षर बोलली नाही. भांडणारी बायको परवडते, गप्प बसलेली परवडत नाही, हे त्याला चार वर्षांत कळायला हवं होतं. पण त्याला वाटलं, विसरली.

म्हणून या वर्षी जेव्हा बायको म्हणाली की मीही येते, बघू तरी तुमचा भोंगा, तेव्हा त्याला स्वर्ग दोन बोटं उरला. त्यात दुसरा आनंद असा की मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, बँडच्या साउंडचं काम मिळालं होतं. मैदानाच्या मध्यभागी ते शंभर बटणांचं टेबल असतं ना, तिथे तो बसणार होता.

आता बँडची एक रीत सांगितली पाहिजे. प्रत्येक कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला भोंगा गर्दीतल्या एकाला स्टेजवर बोलावतो. गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबतात, आठ ठोक्यांची शांतता होते, आणि मग अंतरा त्या चाहत्याने म्हणायचा. चाळीस हजार माणसं डोळे पुसतात. मेव्हण्याने दोन आठवडे आधी घरी येऊन सांगितलं की या वेळी तुमचा नंबर मी लावलाय. कवळीवाल्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

"पण दाजी, एक गोष्ट पोटात ठेवा," मेव्हणा म्हणाला. "त्या माइकमध्ये काही जीव नसतो. आम्ही तो बंदच ठेवतो. तुम्ही तो तोंडासमोर धरून नुसते ओठ हलवायचे. मागचे दोघं गातात, लोकांना वाटतं तुम्हीच गाताय."

कवळीवाल्याला आधी वाईट वाटलं आणि मग हायसं वाटलं. त्याचा आवाज तापलेल्या तव्यावर पाणी टाकावं तसा होता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. पण मग त्याच्या डोक्यात दुसरंच शिरलं. माइक बंद, म्हणजे आपण जे बोलू ते फक्त भोंग्याला ऐकू जाणार. आठ ठोके, आणि भोंगा हाताच्या अंतरावर. तीस वर्षांचं जे काही आहे ते एका वाक्यात सांगता येईल. भोंग्याला एवढंच कळावं की जगात आपण आहोत. बाकी त्याला काही नको होतं.

दोन आठवडे तो ते वाक्य शोधत होता. मेण वितळवताना, जेवताना, रात्री कुशीवर वळताना. तुमच्या गाण्यांनी मला जगवलं, हे वाक्य त्याने दहादा घासून पाहिलं आणि टाकून दिलं. ते भोंग्याला हजारांनी सांगितलं असणार. आपण वेगळं काय सांगणार? कार्यक्रमाचा दिवस उजाडला तरी वाक्य सापडलं नव्हतं.

मैदान खच्चून भरलं होतं. बायको ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि कानात कापसाचे बोळे घालून त्याच्या शेजारी उभी होती. भोंगा आला, आणि कवळीवाल्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने पुढची दोन कॉलेजातली मुलं मागे वळून हसली. साठी ओलांडलेला भोंगा, केस काळेकुळकुळीत, कातडी पँट, आणि अजून तोच तोरा. चार तरुण गाऊन थकतील एवढं तो एकटा गाऊन दाखवतो, अशी त्याची ख्याती. या ख्यातीवरच तर तिकिटं खपायची.

तिसऱ्या गाण्याला कवळीवाल्याने कान टवकारले. भोंग्याचा 'स' शिटी मारत होता. बारीकशी शिटी, ज्याला ठाऊक त्यालाच ऐकू यावी अशी. मोठ्या पडद्यावर चेहरा आला तेव्हा त्याला दिसलं की उंच सूर लावला की भोंग्याची जीभ घाईने टाळूला जाते, काहीतरी वर ढकलते. छे, असं कसं होईल, असं त्याने स्वतःला बजावलं आणि टाळ्या पिटल्या.

शेवटच्या गाण्याआधी दोन दांडगे सुरक्षारक्षक येऊन त्याला घेऊन गेले. स्टेजवरच्या दिव्यांत डोळे दिपले. हातात माइक आला. गाणं सुरू झालं, भोंग्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि त्याच्याकडे बघून तोंड भरून हसला.

डाव्या बाजूचा दुसरा दात केसभर वळलेला होता.

आपला हात माणूस विसरत नाही. स्वयंपाकीण आपल्या हातची चव अंधारात ओळखते. त्याला तो जबडा आठवला, वरची हिरडी डावीकडे खोल होती, दोन वर्षांपूर्वीचा डबा, नंबर तेवढा आठवेना. म्हणजे दोन वर्षं भोंगा आपल्या दातांनी गात होता. कवळीवाल्याचे डोळे भरून आले. छाती फुटेल इतकी फुगली होती. दोन आठवडे जे वाक्य सापडत नव्हतं ते समोर हसत उभं होतं. ते जगात दुसऱ्या कुणालाही बोलता आलं नसतं.

वाद्यं थांबली. आठ ठोके.

"दादा," तो म्हणाला, "हे दात मी केलेत. माझ्या हाताने. वरची कवळी जरा सैल झालीये, लॅबवर या, मी फुकट नीट करून देतो."

कवळी हा शब्द मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला तेव्हा त्याला कळलं की माइक चालू आहे.

चाळीस हजार माणसांनी ते ऐकलं. मग कुठूनतरी एकजण फिसकन हसला, आणि मग ते हसू असं पसरलं की स्टेजच्या फळ्या हादरल्या. पडद्यावर भोंग्याचा चेहरा दोन मजली दिसत होता. त्याने ओठ घट्ट मिटले होते. तीस वर्षांत त्याला कुणी तोंड मिटलेलं पाहिलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण इथे हात एकाचा आणि अवलक्षण दुसऱ्याचं झालं होतं.

भोंगा मुरलेला होता. त्याने हात वर करून बँडला थांबवलं, मागच्या दोन गायकांनाही थांबवलं, आणि स्वतःचा माइक तोंडाशी नेला.

"आता माझ्याच्याने कसं व्हायचं?" तो म्हणाला. "तूच म्हण. एकटा."

आणि तो बाजूला झाला. कवळीवाल्याने म्हटलं. न म्हणून करतो काय? तीस वर्षं पाठ असलेला अंतरा त्याने वाद्यांशिवाय, सुराशिवाय, तुटत तुटत म्हटला. दुसऱ्या ओळीला हुर्यो सुरू झाली, तिसऱ्या ओळीला रिकामी बाटली आली, ती त्याच्या गुडघ्याला लागली. चौथ्या ओळीला सगळं मैदान 'कवळी, कवळी' असं तालात ओरडत होतं. गाणं पुरं झालंच नाही. सुरक्षारक्षकांनी दोन्ही बगलांत हात घालून त्याला उचललं तेव्हा भोंगा जवळ आला, माइक पाठीमागे धरून वाकला आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलला.

"तुझं थोबाड मी मरेपर्यंत विसरणार नाही."

घरी जाताना मेव्हणा गाडी चालवत होता. अर्ध्या वाटेत त्यालाच राहवेना. माइक आपणच चालू ठेवला, असं त्याने पुढे बघतच सांगितलं. ताईने सांगितलं होतं. दाजी बेसूर गातील, लोक हसतील, एकदाचं वेड उतरेल, एवढंच ठरलं होतं. गाण्याऐवजी ते बोलत बसतील हे कुणाच्या स्वप्नात होतं?

कवळीवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने कानातले कापसाचे बोळे काढून मुठीत धरले होते.

"बाबा गेले तेव्हा शेवटचं गाणं पुरं ऐकून मगच निघालात ना?" ती म्हणाली. "आज ते तुमच्यामुळे अर्धं राहिलं. फिटलं."

तिसऱ्या आठवड्यात लॅबमध्ये डबा आला. नंबर बघितल्यावर तो ओळखीचा वाटला, आणि साच्यावरून केलेला जबडा हातात घेतल्यावर शंकाच उरली नाही. डावीकडे हिरडी खोल. सोबत डॉक्टरांच्या अक्षरात चिठ्ठी होती. नवी कवळी करणे. पेशंटची अट अशी की आधीच्या कारागिराचा हात लागता कामा नये. तीस वर्षांत भोंग्याकडून त्याच्याविषयी आलेला लेखी मजकूर एवढाच.

लॅबमालकाने चिठ्ठी वाचून चुरगळली. पूर्ण कवळी करणारा दुसरा आहे कोण इथे, असं तो म्हणाला, तूच कर आणि तोंड बंद ठेव, चिठ्ठीवर सही माझी जाईल. आणि ती खोड नको, ओळख पटली तर मी तुला ओळखत नाही.

कवळीवाल्याने चार दिवस घेतले. एवढं निगुतीने काम त्याने जन्मात केलं नव्हतं. मेणात एकेक दात बसवला, जबडे शंभरदा उघडमीट करून पाहिले, 'स'ची जागा पुन्हा पुन्हा घासली. डाव्या बाजूचा दुसरा दात हातात घेऊन तो बराच वेळ बसला. मग त्याने तो सरळ बसवला.

दोन महिन्यांनी मेव्हणा जेवायला आला होता. बँडचा दौरा करून आलेला, गप्पांना ऊत आला होता. भोंगा आता शेवटच्या गाण्याला कुणाला वर बोलावत नाही, त्याने सांगितलं. त्या जागी दाजींचा किस्सा सांगतो, नक्कल करून, दर कार्यक्रमात. सुरुवातीला हे लपवायचं म्हणत होता, आता त्यावरच टाळ्या घेतो. नाव घेत नाही, कारण नाव त्याला ठाऊक नाही, कवळीवाला म्हणतो.

"आणि शेवटी पडद्यावर दात दाखवतो," मेव्हणा हसत म्हणाला. "म्हणतो, तो होता भुरटा. हे बघा, हे खऱ्या कारागिराने केलेत. लोक उठून टाळ्या वाजवतात."

बायको हसली. मुलगीही हसली. कवळीवाल्याने विचारलं, गाताना 'स' शिटी मारतो का आता? मेव्हण्याने आठवून पाहिलं आणि सांगितलं की नाही, अगदी स्वच्छ येतो.

एक वाक्य त्याच्या जिभेवर आलं. तेही जगात दुसऱ्या कुणालाही बोलता आलं नसतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

त्याने घास घेतला आणि चावत राहिला.